दिवस कमी होतील, पण काम कमी होतंय का?

तुम्ही लिहिलंय की आता आठवड्याचे तीनच दिवस काम करायचं, पगार कमी झाला तरी चालेल, साहेब तोंडी हो म्हणालेत आणि जमलं तर पुढे नोकरीच सोडायची. मी याच वाटेने गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो. खर्चाचा हिशेब, कर्ज, विमा हे तुम्ही बघितलंच असेल, त्यात शिरत नाही.

तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट कुठेच नाही: उरलेल्या दोन दिवसांचं काम कोण करणार? माझ्या तेव्हाच्या ऑफिसच्या एचआरने नवं पत्र दिलं, त्यात दोनच ओळी बदलल्या होत्या, कामाचे दिवस आणि पगार. जबाबदाऱ्यांची यादी जुनीच, शब्द न् शब्द. विचारलं तर म्हणाले, "टीममध्ये अ‍ॅडजस्ट होईल." काहीही झालं नाही. सुट्टीच्या दिवशी फोन चालूच, आणि वर्षाअखेरीला अप्रेझल पूर्णवेळच्या टार्गेटवर! एचआर म्हणे मॅनेजरशी बोला, मॅनेजर म्हणे पॉलिसी एचआरची. पाच दिवसांचं काम तीन दिवसांच्या पगारात करून घेतलं, आणि वर "तुम्हीच मागितलं होतं" हेही ऐकवलं. आजही चीड येते.

म्हणून सही करण्याआधी तुमच्याकडची कोणती कामं निघाली आणि ती कुणाकडे गेली, हे लिहून घ्याच. साहेब बदलला की तोंडी होकारही त्यांच्यासोबत जातो.

परत पूर्णवेळ यायची सोयही आत्ताच मागा. जर्मनीत २०१९ पासून ४५ पेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी एक ते पाच वर्षं तास कमी करून पुन्हा जुन्या तासांवर येण्याचा कायदेशीर हक्क आहे. जिथे असा कायदा नाही, तिथे आपल्या पत्रातलं कलम हाच आधार. आणि सेवा संपतानाची रक्कम शेवटच्या पगारावर ठरत असेल, तर कमी पगारावर काही वर्षं काढून मग राजीनामा देणं महागात पडू शकतं. नियम जागोजागी वेगळे आहेत, मी वकील नाही, तुमच्याकडचे तपासून घ्या.

४ टक्क्यांच्या नियमावर, म्हणजे नोकरी सोडल्यावर पहिल्या वर्षी जमा पुंजीतले ४ टक्के काढायचे आणि पुढे दरवर्षी ती रक्कम महागाईनुसार वाढवायची यावर, तुमची बरीच भिस्त दिसते. बेंगेन या अमेरिकी आर्थिक सल्लागारांनी १९९४ मध्ये तो मांडला तो अमेरिकेतल्या शेअर आणि रोख्यांच्या जुन्या आकड्यांवरून, आणि पैसे किमान ३० वर्षं पुरावेत या हिशेबाने. चाळिशीत नोकरी सोडणाऱ्याला ३० वर्षं पुरत नाहीत. मी तरी त्यापेक्षा कमीच काढेन. हे माझं मत, सल्ला नव्हे.

जाता जाता, सुट्टीचे दोन दिवस सलग घ्या. मधला एकटा दिवस सुटा ठेवलात तर तो हमखास मीटिंगमध्ये जातो. पत्राचा मसुदा हातात आला की नावं काढून इथे टाका, वाचून सांगतो.