आधी गाडी थांबेल, मग बाळ बाहेर येईल

चि. भाच्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलेस, "मावशी, बाळाला गाडीत बसवायची ही सीट विकून टाकू का?" तेव्हा घरात पाहुणे होते, म्हणून मी फक्त "नाही" म्हणाले आणि फोन ठेवला. दारव्ह्यापासून यवतमाळपर्यंत बाळ सीटमध्ये रडत होते, सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आले होते, आणि तुझी आई "घे ना त्याले मांडीवर, काय कैद्यावानी बांधून ठेवलं" असे सारखे म्हणत होती, हे तू सांगितलेस. शेवटी सूनबाईने चालत्या गाडीत पट्टे सोडून बाळाला मांडीवर घेतले आणि ते गप्प झाले, हेही सांगितलेस. मात्र हे सांगताना तुझा आवाज खाली गेला होता. जे झाले ते बरे नव्हते हे तुला तेव्हाच कळले होते, म्हणून त्यावर वेगळे रागावत नाही. मात्र एक गोष्ट या पत्रात मी पुन्हा पुन्हा लिहिणार आहे. चालत्या गाडीत बाळ सीटबाहेर येणार नाही. आधी गाडी थांबेल, मग बाळ बाहेर येईल.

तू सायन्स शिकलेला आहेस, म्हणून हिशेबाने सांगते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर ६ किलोच्या बाळाला जागेवर धरून ठेवण्यासाठी सुमारे १२० किलोचा भार पेलण्याइतका जोर लागतो, आणि हे सारे सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात घडते. जगातल्या कोणत्याही आईच्या हातात एवढा जोर नसतो. त्यात तिने मांडीवरच्या बाळाला आपल्याच पट्ट्यात घेतले असेल, तर तिच्या शरीराचा सगळा दाब बाळावर येतो. पाच महिन्यांच्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड असते आणि मान कच्ची असते. म्हणूनच ही सीट मागच्या आसनावर, बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे येईल अशी बसवायची असते; आघात झाला तर डोके, मान आणि पाठ यांना सीटची पाठ एकत्र सावरून धरते. एअरबॅग असलेल्या पुढच्या आसनावर ती कधीही ठेवायची नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा बालसीटविना गाडीत नेल्यास १००० रुपये दंड आहे, पण दंडाच्या भीतीने तू हे करावेस असे मला वाटत नाही.

आपल्या रस्त्यांवर अचानक ब्रेक लागणे ही रोजची गोष्ट आहे. दिवाळीनंतर कापसाच्या ट्रॉल्या आणि बंड्या मागे दिवा नसताना चालतात, संध्याकाळी रोही, म्हणजे नीलगाय, रस्ता ओलांडून एका वावरातून दुसऱ्या वावरात उडी घेतो. आरोग्य उपकेंद्रावर कामाला असताना एका रात्री माझ्याकडे एक बाळ आणले होते, तेही रोही आडवा आल्यामुळेच. गाडीचे फारसे नुकसान झाले नव्हते आणि मोठ्या माणसांना खरचटण्यापलीकडे काही झाले नव्हते. बाळ मात्र पुढच्या सीटवर आजीच्या मांडीत होते. त्या रात्रीबद्दल याहून जास्त मी लिहिणार नाही.

आता रडण्याबद्दल. बाळाला सीट आवडत नाही असे तू म्हणतोस. ते का आवडत नाही हे तू पाहिले आहेस का? पट्टे पिळलेले असतात, बक्कल उन्हात तापून मांडीला चटका देते, सिंथेटिक कापडामुळे पाठ घामाने भिजते, तिरपे ऊन थेट डोळ्यांवर येते, दूध पाजल्यावर ढेकर न काढताच बसवल्याने पोट दाबले जाते. मानेच्या मागे बोटे लावून पाहा; तिथे घाम असेल तर बाळाला उकडते आहे. सूनबाई त्याला दुपट्यात गुंडाळून बसवते असे दिसते, कारण पट्टे पुरत नाहीत अशी तक्रार तूच केली होतीस. दुपट्यावरून किंवा जाड स्वेटरवरून लावलेले पट्टे वरून घट्ट दिसले तरी आत सैल असतात. स्वेटर काढायचा, पट्टे लावायचे, खांद्याजवळ पट्ट्याची चिमटीत घडी येणार नाही इतके ओढायचे, आणि मग थंडी असेल तर वरून पांघरूण घालायचे. तोंड मागे असलेल्या बाळाचे खांद्याचे पट्टे त्याच्या खांद्यांच्या पातळीवर किंवा थोडे खालून निघायला हवेत. बाळ वाढले, पण पट्टे जन्माच्या वेळी होते तिथेच राहिले, असे तर झाले नाही ना, ते आजच पाहून घे.

नव्या गोऱ्ह्याला आपण पहिल्याच दिवशी भरलेल्या बंडीला जुंपत नाही, आधी रिकामे जू मानेवर देऊन फिरवतो. तशी ही सीट घरात आण, ओसरीवर ठेव, आणि बाळ पोटभर प्यालेले, हसते-खेळते असताना, तुमच्या नजरेसमोर त्याला रोज थोडा वेळ तीत बसव. नंतर उभ्या गाडीत, मग गावच्या फाट्यापर्यंत. पहिलीच ओळख यवतमाळच्या प्रवासाने झाली, तर बाळ रडणारच. त्याच्या झोपेच्या वेळेला धरून निघायचे. सूनबाईने मागे त्याच्या शेजारी बसायचे, हात त्याच्या छातीवर ठेवायचा आणि एकच अंगाई सावकाश म्हणत राहायचे. बाळाला मोबाइलवरच्या गाण्यांपेक्षा आईचा आवाज ओळखीचा असतो. खिडकीला जाळीचा पडदा लाव, पण सीटवर ओढणी टाकून ती झाकू नकोस, आत हवा कोंडते.

तुझ्या आईने जायफळ उगाळून चाटवण्याचा उपाय सुचवला, म्हणजे वाटभर झोपेल. हे करायचे नाही. जायफळ नाही, अफू नाही, सर्दीचे औषध नाही. वर्षाच्या आत मधाचे बोटही नाही. सहा महिने होईपर्यंत आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा लागत नाही, मे महिन्यातही नाही. दृष्ट काढायची असेल तर मीठमोहऱ्या खुशाल उतरवा, त्याने बाळाला इजा होत नाही. पण रडणे नेहमीपेक्षा वेगळे, किंचाळल्यासारखे असेल, ताप असेल, बाळ दूध ओढत नसेल, किंवा गाडीबाहेर आल्यावरही ते शांत होत नसेल, तर तो प्रश्न सीटचा नाही. त्याला डॉक्टरांकडे न्यायचे.

आणि एवढे सगळे करूनही ते रडेल. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण रडेल. त्या वेळी तुझे काम मागे वळून पाहण्याचे नाही आणि लवकर पोहोचावे म्हणून ॲक्सिलरेटर दाबण्याचेही नाही. खात्रीची जागा पाहायची, म्हणजे पेट्रोल पंप, फाटा, बसथांबा. काळ्या मातीच्या मऊ कडेला गाडी उतरवायची नाही. इंडिकेटर देऊन थांबायचे, इंजिन बंद करायचे, मग पट्टे सोडून बाळाला उचलायचे, पाजायचे, लंगोट बदलायचा, हवेत फिरवायचे. चालत्या गाडीत पाजायचे नाही; हादऱ्याने दूध श्वासनलिकेत जाऊ शकते. बाळ गप्प झाले की पुन्हा सीट, पुन्हा पट्टे. पोहोचायला तास उशीर होईल, तर होऊ दे. समृद्धी महामार्गावरून कधी नागपूरला गेलास तर तिथे कडेला थांबता येत नाही, म्हणून चढण्यापूर्वीच पाजून घ्यायचे आणि पुढचा विसावा आधीच ठरवायचा. बाळ न रडता झोपले तरी दोन तासांच्या आत थांबून त्याला बाहेर काढायचे, कारण त्या बैठकीत हनुवटी छातीवर टेकली तर लहान बाळाचा श्वास अडू शकतो. आणि गाडी थांबवून कोणी चहाला उतरले, तरी बाळाला एकटे गाडीत सोडायचे नाही. आपल्याकडच्या उन्हात बंद गाडी काही मिनिटांत भट्टीसारखी तापते.

"लोक काय म्हणतील" असेही तू म्हणालास. माझ्या सासरच्या एका लग्नाला जाताना मी वऱ्हाडाची जीप भर रस्त्यात थांबवली होती, कारण नणंदेचे बाळ पुढे ड्रायव्हरशेजारी कोणाच्या तरी मांडीवर होते आणि मी सांगूनही त्याला मागे घेत नव्हते. मुहूर्त टळेल म्हणून सगळे माझ्यावर ओरडले. तेव्हा आमच्याकडे अशी सीट नव्हती, बाळाला मागे आईजवळ घेणे एवढेच हाती होते, आणि ते झाल्याशिवाय मी जीप हलू दिली नाही. माझे थोरले दीर त्यानंतर माझ्याशी कधी नीट बोलले नाहीत. त्याची खंत आहे, ते माणूस म्हणून चांगले होते. पण तीच वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा जीप थांबवीन. मला हेकट म्हणतात, आणि तुझ्या आईचेही माझ्याबद्दल तेच मत आहे, हे मला माहीत आहे. बाळाच्या बाबतीत हेकटपणा केला नाही तर तो करायचा कुठे? तू बाप आहेस, स्टेअरिंग तुझ्या हातात आहे, आणि गाडी थांबवण्यासाठी तुला कोणाची परवानगी लागत नाही.

जावळासाठी माहूरला निघायचे ठरले आहे, तर आर्णीला एक थांबा आणि पैनगंगा ओलांडण्यापूर्वी धनोड्याला दुसरा, हे आताच ठरवून टाक. गडाच्या चढावर कानात दडा बसतो. तिथे बाळ कान ओढू लागले किंवा रडू लागले तर रुंद जागी थांबून पाजायचे. गिळताना कानातला दाब मोकळा होतो. आदल्या दिवशी गाडी आणि सीट घेऊन माझ्याकडे ये, पट्टे मी स्वतः ओढून पाहते. तुझ्या आईशी मी आज संध्याकाळी बोलते. मांडीवर घेण्याची तिची हौस आर्णीला पूर्ण होईल, तिथे दोघी पोटभर बाळ खेळवा. सूनबाईला सांग, बाळ रडले म्हणून तिला कोणी बोल लावला तर तो माझ्याकडे पाठवायचा.

तुझी,
मावशी