ज्या स्पर्धेत बहुतेक वेळा कोणीच जिंकत नाही, ती लोक एवढी का बघतात?

कोणी जिंकत नाही म्हणूनच बघतात.

खरं तर उत्तर इथेच संपलं. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की "जपानच्या सासुकेचे दोन भाग बघितले, शंभर जण आले, सगळे पाण्यात पडले, बक्षीस कोणालाच नाही, मग तीन तास आपण बघितलं काय?" हे वाचून माझं डोकं जरा फिरलं, कारण हेच वाक्य जवळपास याच शब्दांत आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला ऐकवलंय, आणि तेव्हा मंडपात चारचौघांसमोर मला नीट बोलता आलं नव्हतं. आता बोलतो.

आधी हिशेब. सासुके म्हणजे अडथळ्यांच्या मार्गाची टीव्हीवरची स्पर्धा, जपानच्या टीबीएस चॅनेलने ती १९९७ ला सुरू केली, २०२२ पर्यंत ४० स्पर्धा झाल्या, आणि एवढ्या सगळ्यांत चारही टप्पे पार करून वरचं बटण दाबणारी माणसं किती, तर चार. अकियामा, नागानो, उरुशिहारा, मोरिमोतो. शेवटच्या दोघांनी दोन-दोनदा केलं म्हणून सहा वेळा धरा. म्हणजे ४० पैकी ३४ वेळा कार्यक्रम संपला तेव्हा विजेता नावाचा माणूसच नव्हता, आणि जपानी लोकांनी काही टीव्ही फोडले नाहीत, पुढच्या वेळी परत सहकुटुंब बघायला बसले. बरं, कोणी जिंकला की हे लोक हारतुरे घालून थांबत नाहीत, मार्गच बदलतात आणि आधीपेक्षा अवघड करतात. अकियामा, हा आधी खेकडे पकडणाऱ्या बोटीवर होता, १९९९ ला पहिल्यांदा पूर्ण जिंकला आणि पुढच्याच स्पर्धेत नव्या मार्गावर पहिल्या टप्प्यातच बाद. मला हे जाम आवडतं. तुम्ही चांगले झालात ना, मग आता भिंत पण वाढणार, मागच्या मेडलच्या जिवावर बसून राहायची सोयच नाही.

आणि समोर माणूस नसतो हा मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही. क्रिकेटमध्ये तुम्ही जिंकलात म्हणजे कोणीतरी हरलं, इथे तुमच्यामुळे कोणीच हरत नाही, समोर लोखंड, लाकूड आणि दोर, बस. त्यामुळे आत्ताच पाण्यातून बाहेर आलेला माणूस ओल्या कपड्यांत कडेला उभा राहून पुढच्यासाठी घसा फोडून ओरडत असतो. दुसऱ्या कुठल्या खेळात बघितलंय हे?

वर ही माणसं कोण, तर ताकेदा फायर ब्रिगेडवाला, यामामोतो पेट्रोल पंपावरचा, उरुशिहारा बूट विकणारा, नागानो मासेमारी बोटीचा कप्तान. ऑलिम्पिक मेडलवाले पण येतात आणि तेही पडतात, पाण्याला काय, कोणीही चालतं. नागानो २००३ ला शेवटच्या दोराच्या टोकापर्यंत गेला होता आणि बटण दाबायला सेकंदापेक्षाही कमी वेळ कमी पडला. तो माणूस परत बोटीवर गेला, मासे पकडले, परत आला, परत पडला, आणि २००६ ला १७व्या स्पर्धेत अडीच सेकंद शिल्लक ठेवून जिंकला. पूर्ण जिंकण्याचं बक्षीस त्या काळात २० लाख येन होतं, एवढ्या वर्षांच्या घामापुढे ते काहीच नाही. तो भाग बघताना मी घरी उभा राहिलो होतो, आणि आमच्या घरी मला अजून त्यावरून चिडवतात.

आता आमच्या सोसायटीचं.

माझं नाशिकला सातपूर एमआयडीसीत छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, ग्रिल, गेट, शेड असली कामं. गणपतीत मुलांच्या स्पर्धा असतात तशा आमच्याकडेही, लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, पोत्यातली शर्यत, आणि गेली काही वर्षं नियम असा की भाग घेतला की मेडल, पहिला-दुसरा नाही, कारण पालक भांडतात. एका वर्षी मी म्हटलं की मी एक अडथळ्यांची शर्यत बनवतो, खर्च माझा, आणि कमिटीने खर्च माझा म्हटल्यावर लगेच हो म्हटलं. झुलत्या फळ्या, हाताने लटकत जायचा पाइप, आणि शेवटी सासुकेतली असते तशी आत वळलेली भिंत. भिंत नऊ फूट. चौकोनी पाइप बेंडिंगला टाकून गोलाई आणली, जाड प्लाय एवढ्या गोलाईला वळत नाही म्हणून सहा एमएमच्या प्लायचे दोन थर दिले, वर रंगात बारीक वाळू मिसळून मारली म्हणजे पाय घसरणार नाही, मंडपवाल्याकडून गाद्या आणून खाली आणि मागे अंथरल्या. हे सांगतोय कारण नंतर "धोकादायक होतं" असं पसरवलं गेलं. ही भिंत सगळ्यात सुरक्षित असते, हात सुटला की तुम्ही तिच्याच गोलाईवरून घसरत खाली येता, आदळत नाही. वर चढणाऱ्यासाठी मागे जिना आणि कठडा पण होता. असता, म्हणजे कोणी चढलं असतं तर कामाला आला असता.

पहिल्या दिवशी भिंत कोणालाच जमली नाही. काही पोरं पाइपवरच गळाली, बाकीची भिंतीवरून घसरली. सेक्रेटरी माइकवरून "छान प्रयत्न, छान प्रयत्न" म्हणत होते आणि मग मेडलं वाटली, पोरांनी घेतली, मेडलला कोण नाही म्हणतं. पण रात्री आरती झाल्यावर मी खाली आलो तर दहा-बारा पोरं भिंतीपाशी. मोबाइलचा टॉर्च लावून. लिंबू-चमच्यापाशी कोणी नव्हतं हं, संगीत खुर्चीच्या खुर्च्यांवर आजोबा मंडळी बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या आधी तीच पोरं, संध्याकाळी तीच आणि शेजारच्या सोसायटीतली पण. बी विंगमधली एक सातवीतली मुलगी होती, ती स्वतः पळायच्या आधी अर्धा तास नुसती बाकीच्यांचे पाय बघत बसायची, आणि तिने शोधून काढलं की सगळे भिंत आली की शेवटच्या पावलाला थांबतात आणि उडी मारतात, आणि तिथेच वेग मरतो, भिंतीवर पण पळतच राहायचं असतं, नजर वरच्या कडेवर, मागे झुकायचं नाही. हे मी कोणाला शिकवलं नव्हतं. तिने ते सगळ्यांना सांगितलं, स्वतःकडे ठेवलं नाही, कारण ठेवून फायदाच काय, भिंतीने हिला घेतलं म्हणून दुसऱ्याला नाही घेतलं असं थोडंच होतं. दोरीच्या मल्लखांबाला जाणारा एक पोरगा होता, त्याची पकड अशी की लटकायच्या पाइपवर तो गप्पा मारत जायचा, पण भिंतीवर त्याला पळता येईना, तर हिने त्याला पळणं दाखवलं आणि त्याने हिला पकड. तिची बोटं कडेला लागली एकदा, मी बघितलं, लागली आणि सुटली, आणि आख्खी गँग असली ओरडली की सी विंगच्या गॅलऱ्यांत लोक आले.

आणि मग सेक्रेटरी साहेब आले. म्हणाले, "अहो, कोणालाच जमत नाही तर काय अर्थ आहे? मुलांचा आत्मविश्वास जातो. दोन फूट कापून टाका." मी म्हटलं कापणार नाही. ते म्हणाले, "मग बक्षीस कोणाला द्यायचं?" मी म्हटलं, देऊ नका. यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी वर्गणीचे पैसे खाल्ले. मग म्हणाले, "हा काय खेळ आहे का, आहे का हा ऑलिम्पिकमध्ये?" आणि विसर्जनाच्या आधीच कमिटीने ठराव करून भिंत काढायला लावली. माझ्याच वर्कशॉपची पोरं ग्राइंडर घेऊन आली काढायला.

आत्मविश्वास जातो म्हणे. कोणाचा गेला? जी पोरं सकाळी सहाला उठून येत होती त्यांचा? पोरांना बरोबर कळतं की सगळ्यांना मिळतं ते मेडल कशाचं असतं आणि नऊ फूट म्हणजे किती असतं. भिंत सात फुटांची केली असती तर पहिल्या दिवशी आठ जण चढले असते, फोटो निघाले असते, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर टॉवेल वाळत पडले असते.

तुम्हाला बोअर झालं त्याचं माझ्या मते कारण असं की आपण सगळे लहानपणी पोगोवर ताकेशीज कॅसल बघत वाढलो, जावेद जाफरीची कॉमेंट्री, माणूस चिखलात पडला की हसायचं. तो शो पण टीबीएसचाच, आणि मस्तच होता, मी नावं ठेवत नाही. पण तिथे पडणं हाच माल होता. सासुके तुम्ही त्या डोळ्याने बघितलं तर शंभर वेळा तोच विनोद होणार, मग बोअर होणारच. इथे पडणाऱ्याकडे नाही, धरून असलेल्याकडे बघायचं. तिसऱ्या टप्प्यातला क्लिफहँगर बघा, पायाला आधार नाही, बोटांची पेरं मावतील एवढीच पट्टी, आणि एका पट्टीवरून दुसरीवर जायचं. त्या टप्प्याला वेळेची मर्यादा नाही, पण थांबायची पण सोय नाही, कारण लटकून विश्रांती होत नाही, मनगटापासून कोपरापर्यंत हात दगड होतो. त्या वेळी कॉमेंटेटर पण जीव खाऊन ओरडत असतो. हे हसायचं नाही.

अमेरिकन निंजा वॉरियर, म्हणजे सासुकेचीच अमेरिकन आवृत्ती, मला तेवढी पटत नाही, आणि कारण परत तेच. तिथे २०१५ ला पहिल्यांदा शेवटचा दोर, ७५ फूट ३० सेकंदांत, पूर्ण झाला. जेफ ब्रिटन नावाच्या कॅमेरामनने आधी केला, २९.६५ सेकंद. अख्ख्या अमेरिकेत पहिला. थोड्या वेळाने आयझॅक काल्डिएरोने २६.१४ मध्ये केला, आणि दहा लाख डॉलर सगळे त्याला, ब्रिटनला शून्य. म्हणजे भिंतीशी असलेली लढाई ओढून आणून माणसा-माणसात लावली. सेक्रेटरी साहेबांना आवडलं असतं, बक्षीस कोणाला हा प्रश्न सुटला.

आणि ऑलिम्पिकचं. टोकियोत मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये, म्हणजे पाच खेळ मिळून जी एक स्पर्धा असते तिच्यात, एका जर्मन खेळाडूचा घोडा अडला, ती रडली, घोड्याला मारण्यावरून जगभर बोंब झाली, आणि मग त्या खेळाच्या संघटनेने घोडेस्वारीच काढून टाकली आणि तिच्या जागी काय आणलं, तर अडथळ्यांचा मार्ग. हाच, सासुकेसारखा, आणि टीबीएसला सोबत घेऊन. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये दिसेल. आणि याच्यावर शिक्का कुठे बसला माहितीये? ऑक्टोबर २०२३ ला ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन झालं त्यात. आपल्या मुंबईत, बीकेसीला. नाशिकहून चार तास. मी ती बातमी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली, सेक्रेटरींनी नुसता अंगठा दिला.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर खाली कमेंटमध्ये येतीलच. सासुके ज्या मोठ्या कार्यक्रमातून निघालं तो किन्निकु बान्झुके २००२ ला बंद झाला कारण दुसऱ्या एका खेळाच्या शूटिंगमध्ये स्पर्धकांना गंभीर इजा झाल्या. अवघड आणि धोकादायक यात फरक आहे आणि तो गाद्या, पाणी आणि डोकं वापरण्याचा आहे. आणि यामादा. तो माझ्याच धंद्यातला, लोखंडाच्या कारखान्यात काम करणारा, तिसऱ्या स्पर्धेत शेवटच्या टप्प्यापर्यंत गेला आणि परत तिथे कधीच पोचला नाही, सरावापायी नोकरी सोडली, कॅमेऱ्यासमोर म्हणाला की माझ्याकडे सासुकेशिवाय काहीच नाही. लोक त्याला डोक्यावर घेतात, मी पण घेतो, पण माझा भाचा उद्या असं करायला लागला तर मी त्याला बसवून दोन शब्द सांगेन, हे पण खरं. आणि ज्याला बघायचंच नाही त्याने नका बघू, सगळ्यांना सगळं आवडलं पाहिजे असं काही नाही.

बघायचं असेल तर मधूनच दोन भाग उचलू नका. २००६ चा १७वा घ्या, नागानोसाठी, मग मोरिमोतोचा २०१५ चा ३१वा. हा पोरगा १५ वर्षांचा असताना पहिल्यांदा उतरला होता, ते सुरुवातीचे भाग मिळाले तर आधी तेच बघा म्हणजे २०१५ ला तुम्ही पण उभे राहाल.

बाकी नाशिकमधल्या कुठल्या सोसायटीला किंवा शाळेला भिंत पाहिजे असेल तर सांगा, सांगाडा वर्कशॉपमध्ये तसाच उभा करून ठेवलाय, नवा प्लाय मी माझ्या खर्चाने मारून देईन. उंची कमी करून मिळणार नाही. गाद्यांचं भाडं तुमचं.