‘गोठलेला खांदा’ की ‘आखडलेला खांदा’?

ठाण्याच्या नौपाड्यातील एका वाचकाने विचारले आहे की, ‘फ्रोझन शोल्डर’ला मराठीत ‘गोठलेला खांदा’ म्हणणे योग्य आहे का. त्यांच्या आई ५४ वर्षांच्या आहेत, त्यांना मधुमेह आहे, आणि व्यायामाच्या कागदावर हा शब्द वाचल्यापासून खांद्याला गारठा बाधला असे समजून त्या घरात पंखाही लावू देत नाहीत.

माझ्या मते हा शब्द टाळावा. मराठीत पाणी गोठते, रक्त गोठते. ‘हात गोठले’ असे आपण कडाक्याच्या थंडीतच म्हणतो, म्हणून आईंचा हा समज त्या शब्दानेच करून दिलेला आहे. अमेरिकी शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये हे इंग्रजी नाव वापरले, तेव्हा त्यांना हालचाल थांबलेला, जागच्या जागी अडकलेला खांदा अभिप्रेत होता. गारठ्याचा त्यात संबंध नव्हता.

या दुखण्यात सांध्याभोवतीचे पिशवीसारखे आवरण सुजते, जाड होते आणि आक्रसते, त्यामुळे हात आपला आपण वळत नाहीच, पण दुसऱ्याने धरून फिरवला तरी अडतो; वेणी घालणे किंवा लोकलमधली कडी धरणे कठीण होते. हे आक्रसणे ‘आखडणे’ या क्रियापदात नेमके उतरते. सुश्रुतसंहितेत ‘अवबाहुक’ या खांद्याच्या विकाराचे वर्णन करतानाही शिरा आकुंचित होण्याचाच उल्लेख आहे. हे दोन विकार तंतोतंत एक आहेत असे मी म्हणणार नाही, पण शब्दाची दिशा तीच आहे.

‘खांदा धरला’ हा घरोघरी ऐकू येणारा प्रयोग सहज असला, तरी धरलेली मान किंवा पाठ चार दिवसांत सुटते, आणि हे दुखणे बहुधा १ ते ३ वर्षे चालते. ‘धरला आहे, सुटेल’ या भरवशावर बाम चोळण्यात महिने जाऊ शकतात, याची मला खरोखर काळजी वाटते. ‘अवघडणे’ तर एकाच स्थितीत फार वेळ बसण्याचे.

‘गोठणे’च्या बाजूने एक मुद्दा मांडला जातो, तो असा की शेवटच्या टप्प्याला ‘वितळणे’ हा जोडशब्द मिळतो. पण आखडलेला खांदा हळूहळू ‘मोकळा होतो’ असे आपण म्हणतोच.

हे दुखणे मुख्यतः ४० ते ६० या वयात, पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होते. मधुमेह आणि थायरॉइडचे विकार असणाऱ्यांना, तसेच हाड मोडल्याने, शस्त्रक्रियेने किंवा पक्षाघाताने ज्यांचा हात बरेच दिवस हललेला नाही त्यांना धोका जास्त असतो. मधुमेहात तो सर्वसाधारण लोकांपेक्षा कितीतरी वाढतो. तेव्हा आईंना पंखा खुशाल लावू द्यावा, आणि रक्तातील साखरेची तपासणी लांबली असेल तर ती आधी करून घ्यावी.