दुकानाचा इतिहास लिहिताय? गल्ल्यावर कोण बसायचं ते आधी लिहा

प्रश्न : गोव्यात आमच्या आजोबांनी सुरू केलेल्या कापड दुकानाला पुढच्या वर्षी 75 वर्षे होतील. त्यानिमित्त दुकानाचा इतिहास छापायचा आहे. सुरुवात कुठून करावी आणि जुनी माहिती कुठे मिळेल?

उत्तर :

आजोबांनी सुरू केलं, हे तुम्ही धरूनच चालला आहात. आजी तेव्हा काय करत होती ते आधी घरात विचारा. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक असते. पोर्तुगीज नागरी कायद्यापासून हे चालत आलं आहे. म्हणजे परवान्यावर नाव आजोबांचं असलं तरी दुकान निम्मं आजीचं होतं. स्मरणिकेच्या पहिल्या पानावर हार घातलेल्या आजोबांचा एकट्याचा फोटो छापणार असाल तर पहिलंच पान चुकीचं.

माहितीचं म्हणाल तर पणजीत पुराभिलेख खातं आहे, कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं आहेत. 1961 च्या गोवा मुक्तीनंतरच्या दिवाळी-चवथीच्या जाहिराती चाळा, 1962 पासूनचे 'गोमन्तक'चे अंक बघा. पोर्तुगीज सरकारच्या राजपत्रात लहान दुकानदाराचं नाव सापडेल अशी फार आशा धरू नका. खरा इतिहास तुमच्या माळ्यावर आहे, जमाखर्चाच्या वह्यांत. पहिलं पान फाटलेलं असेल तर चलन बघा. रुपये आणि टांगा (पोर्तुगीज काळातली नाणी) असतील तर वही 1958 च्या आधीची. एस्कुदो (नंतरचं पोर्तुगीज चलन) असतील तर ती 1958 ते मुक्तीच्या सुमारापर्यंतची. भारतीय रुपये-पैसे असतील तर त्यानंतरची. 1955 च्या सुमारास भारताने गोव्याशी व्यापार तोडला. त्या वर्षांत मुंबईच्या गिरण्यांचा माल कमी होऊन परदेशी कापडाच्या नोंदी वाढलेल्या दिसतात का तेही बघा. आमच्या वह्यांत ते स्पष्ट दिसतं.

आणि वह्यांतलं अक्षर बघा. माझं खरं म्हणणं इथून सुरू होतं.

आमचं दुकान म्हापशाचं. आजोबा आधी शुक्रवारच्या बाजारात गाठोडं घेऊन बसायचे, मग बाजाराजवळच्या गल्लीत भाड्याने गाळा घेतला. आमच्या सुरुवातीच्या वह्या मोडीत आहेत, ते आजोबांचं अक्षर. मुक्तीनंतर काही महिन्यांतच अक्षर बदलतं. बाळबोध, उभं, एकही खाडाखोड नसलेलं. ते माझ्या आत्याचं. ती लहान वयात विधवा होऊन माहेरी आली होती. काका खरेदीला मुंबईला जायचे, माझे वडील वसुलीला फिरायचे, आणि सकाळी दुकान उघडण्यापासून रात्री गल्ला मोजेपर्यंत आत बसायची ती. नव्वदीच्या दशकापर्यंत सगळ्या वह्या तिच्याच हातच्या आहेत. आमच्या बार्देश तालुक्यातले जुने लोक दुकानाच्या पायरीवरूनच विचारायचे, "बाय खंय?" ती नसली की उद्या येतो म्हणून परत जायचे.

का जायचे? कारण ती कापड ताणून मोजत नसे. हे वाचणारे कापडवाले असतील तर त्यांना कळेल. फळीवर कापड सैल सोडून, पट्टीच्या खुणेला नुसतं टेकवून मोजायची आणि वर चार बोटं सोडून कात्री लावायची. ख्रिस्ती घरात लग्न ठरलं की साड्याचं, म्हणजे नवरीच्या लाल पोशाखाचं, कापड तिच्याकडूनच जायचं. ते कापड घरी शिंप्याला बोलावून, सगळ्या नातेवाइकांसमोर कापायचं असतं. त्यात डाग किंवा विणीतला दोष निघाला तर दुकानदाराची अब्रू जाते. ती सगळा तागा उजेडात उलगडून बघितल्याशिवाय द्यायची नाही. ख्रिस्ती मुलांच्या पहिल्या कोमुन्यांवाचं (कम्युनियनचं) पांढरं, दुखवट्याचं काळं, चोळीचे खण, चवथीला लेकीच्या सासरी जाणाऱ्या ओझ्याबरोबर, म्हणजे भेटीबरोबर, पाठवायचं लुगडं, काय कधी लागणार हे तिला तोंडपाठ होतं. स्वभावाने कडक होती. कापलेलं कापड परत घेत नसे, आणि मापात कापड खाणाऱ्या शिंप्याला चारचौघांत फैलावर घ्यायची.

1982 च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आम्ही शाळांच्या गणवेशाचं कापड देत होतो, आणि ते ठरलेल्या गिरणीचं, ठरलेल्या रंगाचं असायचं. मार्च आला तरी माल नाही. काका मुंबईच्या मूळजी जेठा कापड मार्केटात पेढीपेढीवर जाऊन बसत होते. जुना साठा होता त्यांनी भाव चढवले होते. काकांनी कळवलं की यंदा गणवेश सोडून द्या, शाळांना नाही म्हणून सांगा.

आत्याने नाही सांगितलं नाही. निळ्या शर्टिंगचा तुकडा पिशवीत घालून ती बेळगावमार्गे इचलकरंजीला गेली. बरोबर माझी आई. दोघींनी यंत्रमागवाल्यांच्या दारोदार जाऊन कापड बघितलं. शुद्ध सुती म्हणून दाखवलेल्या कापडाचे उभे-आडवे धागे काढून आत्या तिथेच काडी लावायची. सुताची राख होते आणि जळल्या कागदाचा वास येतो. टेरिलीन असलं की त्याची आकसून कडक काळी गोळी होते. रात्री मुक्कामाला नमुने पाण्यात भिजत घालायचे, सकाळी रंग किती उतरला आणि कापड किती आटलं ते बघायचं. शेवटी एकाने विणून, रंगवून द्यायचं कबूल केलं. पण प्रत्येक लॉटचा निळा थोडा वेगळा निघाला. यावर तिने काय केलं, तर एका शाळेला एकच लॉट. वहीत शाळेचं नाव, समोर लॉट नंबर, समोर मीटर. एखाद्या मुलाला मागाहून कापड लागलं तर त्याच लॉटमधलं मिळावं म्हणून प्रत्येक लॉटमधलं थोडं बांधून वेगळं ठेवलं. जूनमध्ये एकाही वर्गात दोन रंगांचे शर्ट दिसले नाहीत. त्या वर्षी आम्ही शाळा सोडल्या असत्या तर त्या परत मिळाल्या नसत्या, आणि पुढे रेडिमेड आल्यावर शर्टिंगचा धंदा बसला तेव्हा आम्हाला तारलं ते गणवेशांनीच.

आता 1998. दुकानाची 50 वर्षं. चुलतभावाने स्मरणिका काढली. आजोबा, काका, माझे वडील, तिघांचे मोठे फोटो. 1982 बद्दल एक ओळ होती : "संपाच्या कठीण काळातही काकांच्या दूरदृष्टीमुळे पुरवठा अखंड राहिला." आत्या तेव्हा हयात होती. तिने ते पान वाचून विचारलं, "हे तुला कोणी सांगितलं?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मी ती वही त्याच्यासमोर ठेवली. तो म्हणाला, हिशेब लिहिणं वेगळं आणि धंदा करणं वेगळं, भांडवल तर बाबांनी घातलं. मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगते : भांडवल दुकानातल्याच विक्रीचं होतं, आणि ती विक्री कोणाच्या हातून झाली ते त्याच वहीत पानोपानी लिहिलेलं आहे.

त्याहून वाईट गोष्ट आधीच घडली होती. आजोबा गेल्यावर आत्याला नोटरीकडे नेऊन हक्कसोडीवर सही घेतली. "तुला आम्ही सांभाळणारच आहोत" असं सांगून. गोव्यात मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, मृत्युपत्र केलं तरी निम्म्या मिळकतीपलीकडे मुलांना डावलता येत नाही, आणि हे आपण बाहेरच्यांना मोठ्या अभिमानाने सांगतो. मग घरात बहिणीकडून सही घेतो. माझ्या वडिलांनीही तेव्हा विरोध केला नाही, हे मी त्यांना शेवटपर्यंत ऐकवलं. आत्याला सांभाळलं हे खरं. पण ती मालकीण होती, आश्रित नव्हती.

मी वकील नाही, तेव्हा हक्काचं काही निघालं तर नीट सल्ला घ्या. 2016 पासून वारशाचा नवा कायदा लागू आहे. शिवाय प्रत्येक घरात बाई गल्ल्यावर बसायचीच असंही नाही. तुमच्याकडे नसेल बसली तर उगीच बसवू नका. चुलतभावाचंही सांगायला हवं : 2012 मध्ये खाणी थांबल्या आणि डिचोली-साखळीकडचं लग्नाचं गिऱ्हाईक आटलं, त्या वर्षांत दुकान त्यानेच तगवलं. तो कामाचा माणूस आहे. पण स्मरणिकेतली ती ओळ त्याने अजून दुरुस्त केलेली नाही. दुकानाला 75 वर्षं झाली तेव्हा तीच ओळ पुन्हा छापली.

म्हणून तुम्ही असं करा. पाऊस सुरू व्हायच्या आत वह्या माळ्यावरून काढा, वाळवी बघा, पानांचे फोटो काढून घ्या. मोडी वाचणारा माणूस शोधा. जुन्या शिंप्यांना आणि शाळांच्या जुन्या शिक्षकांना विचारा, दुकानात कोणाशी बोलायचात म्हणून. आणि आत्या, आज्या, मावश्या यांच्यापैकी कोणाची हक्कसोड झाली असेल तर त्या दस्ताची प्रत काढा. ती हातात आल्याशिवाय मालकांची यादी छापायला देऊ नका.