गोव्यातील फोंड्याच्या घुमट-आरतीचे (घुमट या मातीच्या तालवाद्याच्या साथीने गायलेल्या आरतीचे) रेकॉर्डिंग लघुपटात आणि स्वतंत्र गाणे म्हणूनही वापरायचे आहे, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, म्हणजे सॅम्पल, टिपायचे तो दर) 44.1 ठेवावा की 48 किलोहर्ट्झ?

48 किलोहर्ट्झ आणि 24 बिट (प्रत्येक सॅम्पल किती बारकाईने नोंदवायचे ते माप) ठेवावे. चित्रपट व व्हिडिओचा ध्वनी याच दरावर चालतो आणि सेकंदाला 24 फ्रेम असल्यास प्रत्येक फ्रेमला बरोबर 2000 सॅम्पल येतात, 44.1 हा सीडीचा दर आहे. खरी काळजी मात्र दराची नव्हे, पातळीची घ्यावी: घुमटावरची थाप आणि शामेळ या जोडीच्या तालवाद्यावरचा काठीचा आघात अचानक उसळतो, त्यामुळे आरती सर्वांत रंगते त्याच भागाची चाचणी घेऊन मीटरवरचे शिखर उणे 12 डेसिबलच्या आसपास (0 ही कमाल मर्यादा) राखावे, कारण फाटलेला आवाज मिक्सिंगमध्ये क्वचितच धड दुरुस्त होतो, तर हळू टिपलेला 24 बिटमध्ये निर्धास्त वाढवता येतो. गाणे केवळ सीडीवरच जाणार असते, तर 44.1 पुरले असते.