वाचकांचे प्रश्न : लिव्हरपूलच्या टाउन हॉलवर मगर आणि हत्ती कशासाठी?

प्रश्न : लिव्हरपूलच्या टाउन हॉलच्या छायाचित्रांत बाहेरच्या भिंतीवर हत्ती, मगर आणि आफ्रिकी माणसांचे चेहरे कोरलेले दिसतात. इंग्लंडमधल्या नगरसभेच्या इमारतीवर ही शिल्पे का असावीत? शिवाय ही इमारत नेमकी कोणी घडवली?

उत्तर : ही वास्तू केवळ नगराच्या कारभारासाठी बांधलेली नव्हती. इंग्लंडमधल्या बाथ शहराचे वास्तुविशारद थोरले जॉन वुड यांच्या आराखड्यानुसार ती १७४९ ते १७५४ या काळात उभी राहिली, तेव्हा तळमजला व्यापाऱ्यांच्या सौद्यांसाठी राखलेला होता आणि नगरसभा वरच्या मजल्यावर बसत असे. लिव्हरपूलची जहाजे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माल देऊन माणसे विकत घेत, त्यांना वेस्ट इंडीज आणि अमेरिकेत गुलाम म्हणून विकत आणि साखर, तंबाखू घेऊन परतत; शहराचे अनेक महापौर स्वतः या धंद्यात गुंतलेले होते. कॉरिंथियन, म्हणजे पानांची नक्षी असलेल्या, स्तंभशीर्षांच्या रांगेत, रस्त्यावरून मान वर करताच दिसतील अशी बसवलेली ही शिल्पे म्हणजे त्या परदेशी व्यापाराचे अभिमानाने केलेले प्रदर्शन आहे. विकल्या जाणाऱ्या माणसांच्या खंडातील चेहरे सजावट म्हणून कोरताना कोणाला संकोच वाटला नाही, हे मला त्या काळाबद्दलच्या कोणत्याही दस्तऐवजाइतकेच बोलके वाटते.

सौद्यांसाठीचा इमारतीतला मधला चौक मात्र इतका अंधारा आणि कोंदट होता की व्यापारी बाहेर रस्त्यावरच सौदे करणे पसंत करीत. १७७५ मध्ये वेतनकपातीमुळे खवळलेल्या खलाशांनी याच इमारतीवर तोफा डागल्या होत्या. व्यापाऱ्यांची सत्ता कोठे एकवटली आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आज दिसणारी इमारत एकट्या वुड यांची नाही. वास्तुविशारद जेम्स वायट यांनी १७८५ पासून उत्तरेकडे विस्तार केला. १७९५ च्या आगीत आतला भाग जळून गेला, पण बाहेरच्या भिंती वाचल्या, म्हणून वुड यांचे दर्शनी काम अजून पाहायला मिळते. पुनर्बांधणीत जुन्या चौकाच्या जागी भव्य जिना आला आणि १८०२ मध्ये त्यावर वायट यांचा घुमट पूर्ण झाला, ज्याच्या माथ्यावर मिनर्व्हा देवतेची मूर्ती आहे. दक्षिणेचा द्वारमंडप १८११ चा, म्हणजे ब्रिटिश संसदेने १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातल्यानंतरचा आहे.