आभाळाचा भरवसा नसताना ट्रॅक डे : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयाची आहेत. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. बंद ट्रॅकवर, ठरावीक सत्रांत, आपापल्या वकुबाप्रमाणे मोटारसायकल चालवण्याचा तो दिवस असतो. ट्रॅकवर पाऊस आला तर काय करावे, असे नाशिकच्या अनेक वाचकांनी विचारले आहे. त्यांपैकी काही निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

ऑक्टोबरअखेर कोइम्बतूरच्या ट्रॅक डेसाठी आम्ही चौघे मित्र नाव नोंदवत आहोत. तोवर पाऊस ओसरलेला असेल ना? (एक वाचक, नाशिक रोड)

आपल्याकडे ओसरलेला असेल, तिकडे नाही. नैऋत्य मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातून माघारी फिरतो आणि त्यानंतर तमिळनाडूत ईशान्य मोसमी पावसाचे दिवस सुरू होतात, जे डिसेंबरपर्यंत चालतात. कोइम्बतूरचा २.१ किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे असो वा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन्हीकडे पावसाची तयारी ठेवूनच जावे लागते. तारीख हातात असेल तर जानेवारी ते मार्च हा काळ निवडावा. नाव नोंदवलेच असेल, तर पावसामुळे सत्र रद्द झाल्यास पैसे परत मिळतात की पुढची तारीख मिळते, हे आयोजकांकडून आधीच लेखी घ्यावे.

माझ्या बाइकला रस्त्यावरचेच स्पोर्ट टायर आहेत. ट्रॅकवर हवा कमी ठेवतात असे ऐकले आहे. पावसातही कमीच ठेवायची का? (एक वाचक, इंदिरानगर)

हवा कमी ठेवण्याचा सल्ला कोरड्या ट्रॅकसाठी असतो, आणि त्यामागचे कारण समजल्याशिवाय तो पावसात वापरणे घातक ठरू शकते. कोरड्या ट्रॅकवर जोराने चालवल्यावर टायर तापतो, आतली हवा प्रसरण पावते आणि दाब वाढतो. दर १० अंश सेल्सिअसला साधारण दीड पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक), असा ढोबळ हिशेब धरता येतो. म्हणून टायर गरम झाल्यावर दाब योग्य पातळीला पोहोचावा, या बेताने तो थंड असतानाच कमी ठेवतात. पावसात मात्र पाणी टायरला सतत थंड करत राहते, त्यामुळे अपेक्षित वाढ होतच नाही आणि टायर शेवटपर्यंत मऊ राहतो. टायर मऊ असला की त्याच्या खाचा दाबल्या जातात, पाणी बाहेर फेकण्याची वाट अरुंद होते आणि रबर रस्त्याऐवजी पाण्यावर टेकू लागते. म्हणून ओल्या ट्रॅकवर रस्त्यावरच्या टायरचा दाब कंपनीने सुचवलेल्या आकड्याच्या जवळ ठेवावा.

पंपावरच्या गेजवर विसंबू नका. स्वतःचा एकच गेज बाळगा आणि सत्र संपवून पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यावर) आल्याबरोबर, हेल्मेट काढण्याआधी, दाब मोजून वहीत नोंदवा. चहा घेऊन आल्यावर मोजलेल्या आकड्याचा काही उपयोग नसतो. टायरच्या खाचांतील झिजेच्या खुणेपर्यंत रबर आले असेल, तर कोरड्यात कदाचित निभेल, ओल्यात नाही. अशा टायरवर पैसे भरलेले सत्रही सोडून द्यावे.

पाऊस थांबला आणि ऊन पडले की लगेच ट्रॅकवर उतरायला हरकत नाही ना? (एक वाचक, पंचवटी)

हरकत आहे, आणि माझ्या मते संपूर्ण दिवसातला सर्वांत फसवा वेळ हाच असतो. पाऊस सुरू होतो तेव्हा ट्रॅकवरचे तेल, धूळ आणि रबराचा थर पाण्यात मिसळून पहिली काही मिनिटे निसरडी जातात. जोराची सर पडून थर धुऊन निघाला की पकड बरीच सुधारते आणि चालकही सावध झालेला असतो. सुकत्या ट्रॅकवर उलट घडते. सर्वांच्या चाकांनी एकच पट्टा कोरडा होतो, त्यावर पकड उत्तम मिळते, वेग वाढत जातो आणि पट्ट्याबाहेर हातभर अंतरावर जमीन अजून ओली असते. पुढच्याला ओलांडण्यासाठी तेवढेच बाजूला सरकले की ब्रेक लावलेल्या अवस्थेत पुढचा टायर ओल्यावर येतो. रंगवलेले कर्ब (वळणांच्या कडेच्या पट्ट्या) आणि पांढऱ्या रेषा तर डांबर सुकल्यावरही बराच वेळ निसरड्या राहतात.

या सत्रात ओलांडणे पूर्ण वर्ज्य करावे. वळणात बाइकपेक्षा स्वतःचे शरीर अधिक आत न्यावे, म्हणजे त्याच वेगाला बाइक कमी झुकवावी लागते. गिअर एक वरचा ठेवावा आणि ब्रेकचा लिव्हर झटक्याने न ओढता हळूहळू आवळत जावा. शंका असली तर ते सत्र बाहेर बसून पाहावे. पैसे वाया गेल्याची हळहळ होते हे खरे, पण फेअरिंग (बाइकचे बाहेरचे आवरण) आणि लिव्हर बदलण्याचा खर्च एका सत्रापेक्षा कितीतरी जास्त असतो.

झेंडेही पाहून ठेवावेत. आंतरराष्ट्रीय नियमांत पांढऱ्यावर तिरकी लाल फुली म्हणजे त्या भागात पावसाचे थेंब, आणि पिवळे-लाल उभे पट्टे म्हणजे पावसाव्यतिरिक्त कारणाने पकड कमी झाली आहे. आयोजक कोणते झेंडे वापरणार आहेत, हे सकाळच्या बैठकीतच विचारावे.

एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल असताना एवढी काळजी कशाला? (एक वाचक, सिडको)

कारण ब्रेक लावताना चाक अडकू न देणारे एबीएस आणि वेग वाढवताना चाक घसरू न देणारे ट्रॅक्शन कंट्रोल, या यंत्रणा पकड निर्माण करत नाहीत. असलेल्या पकडीचा अतिरेक झाला की त्या ब्रेक किंवा इंजिनाची ताकद आवरतात. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झाले असले, तरी अनेक बाइकवर ते फक्त पुढच्या चाकाला असते आणि बाइक झुकलेली आहे की सरळ, हे त्याला कळत नाही. झुकाव ओळखणारे एबीएस महागड्या बाइकवरच आढळते. रेन मोड, म्हणजे पावसासाठी इंजिनाची ताकद सौम्य करणारी सोय, असेल तर तो जरूर वापरा.

ट्रॅकवर जाण्याआधी कसारा घाटात पावसाचा सराव केला तर चालेल का? (एक वाचक, सातपूर)

नाही. ट्रकची वर्दळ असलेल्या महामार्गावर ट्रॅकचा सराव होऊच शकत नाही आणि सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चाचणी घेणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. मोकळ्या खासगी आवारात, मालकाच्या परवानगीने आणि सावकाश वेगात ओल्या जमिनीवर ब्रेक आवळण्याचा सराव करा, तेवढा पुरे.

मुलगा जाणार आहे. पडून बाइकचे नुकसान झाले तर विमा मिळेल का? (एक पालक, गंगापूर रोड)

बहुधा नाही, असे धरून चाला. आपल्याकडच्या खासगी वाहनांच्या विम्यात संघटित शर्यत, पेसमेकिंग (इतरांसाठी वेग ठरवून पुढे धावणे) आणि वेगाची चाचणी हे वापर वगळलेले असतात, आणि ट्रॅक डे त्यात मोडतो असे कंपनी म्हणू शकते. पॉलिसीतील ‘वापराच्या मर्यादा’ हा भाग वाचून कंपनीला ईमेलने विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. मुलाच्या वैयक्तिक अपघात विम्यातही साहसी खेळ वगळलेले आहेत का, तेही त्याच वेळी पाहून घ्यावे.